रम्झीची मूठगाठ

बसा. जहाज दोन तास उशिरा आहे, आत्ताच वायरलेसवर सांगितलंय. मेहरेझ, चहा ओत आणि तो मोबाइल पालथा घाल. साबेर, तू टोपी जरा वर कर. डोळे दिसू देत तुझे.

खिळ्यावरच्या त्या गाठीला हात लावू नका म्हणून मी ओरडतो, आणि माझ्या पाठीमागे तुम्ही म्हणता, बेशीरचाचा चळला. कान शाबूत आहेत माझे. आज सांगूनच टाकतो. तौहामीनं हे स्वतःच्या तोंडानं मला सांगितलंय, आणि त्यातलं थोडं मी पन्नास पावलांवरून पाहिलंय.

तौहामी आपल्यासारखाच दोरवाला. जहाज आलं की पातळ दोरी झेलायची, तिच्यामागचा जाड दोर ओढून खुंट्यात अडकवायचा, आणि संध्याकाळी सोडायचा. तीस वर्षं ह्याच धक्क्यावर. त्याचा एकुलता एक पोरगा रम्झी जहाजाचे दोर धक्क्याकडं आणणाऱ्या आपल्या छोट्या दोरनावेवर होता. तिथून दोरी फेकायचा रम्झी आणि झेलायचा बाप. अंधारात दोरी कुठं पडली ते कळत नाही म्हणून त्या पोरानं एक युक्ती केली. दोरीच्या टोकाला वजनासाठी आपण मूठगाठ बांधतो ना, तिच्या आत त्यानं बकरीच्या गळ्यातलं पितळी घुंगरू घातलं. दोरी पडली की छुन्न वाजायची. आम्ही म्हणायचो, "तौहामी, तुझी बकरी आली बघ." तो वरवर चिडायचा, पण पोराचा अभिमान लपत नव्हता.

दोन वर्षं राबूनही रम्झीला कायम केलं नाही. मग एका शरद ऋतूत तो ओळखीचे कागद जाळून, बिनपरवान्याचा निघाला. इथून निघणारी सगळी पोरं निघतात तसाच, रात्री, नावेतून, इटलीकडं. जाताना ती मूठगाठ कापून खिशात घालून घेऊन गेला.

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी तौहामीचा फोन वाजला. झोहरा, त्याची बायको, झोपली होती.

"बाबा, नावेत पाणी येतंय. समोर एक मोठं जहाज आहे, लग्नघरासारखे दिवे लागलेत. जाऊ त्याच्याकडं?"

"जा," तौहामी म्हणाला. "समुद्रात बुडत्याला कुणी टाकून जात नाही. दिवे दाखवा, ओरडा. थांबतील."

फोन कटला. पुन्हा लागला नाही.

त्या रात्री त्या पाण्यात तेवढं एकच प्रवासी जहाज होतं. सकाळी आपल्याकडं आलेलं, माणसांना कार्थेजचे पडके खांब दाखवून संध्याकाळी सहाला सुटलेलं. त्याचे दोर तौहामीनंच सोडले होते. जहाजवाले म्हणाले, आम्हाला काही दिसलं नाही. असेल. बारा मजले उंचीवरून माणूस केवढा दिसतो?

ना नाव सापडली, ना प्रेत. झोहरा म्हणायची, "पोरगा इटलीच्या तुरुंगात असणार. फोन काढून घेतात तिथं." रोज तीन ताटं मांडायची. इमामसाहेब दोनदा घरी येऊन म्हणाले, प्रेत नसलं तरी जनाज्याची नमाज पढता येते, पोराला तेवढं तरी द्या. तौहामीनं दोन्ही वेळा त्यांना चहा देऊन वाटेला लावलं. पोरगा गेला हे कशावरून म्हणतोस, असं बायकोनं विचारलं तर त्या फोनचं सांगावं लागलं असतं. 'जा' म्हणालो, हे सांगावं लागलं असतं. सात महिने त्यानं तो शब्द गिळून ठेवला आणि इकडं पोरगा बिननमाजाचा राहिला.

मग रमजान आला. सव्विसावा रोजा सुटला, सत्ताविसावी रात्र. हिवाळा संपल्यावर ते जहाज पहिल्यांदाच येत होतं. सकाळी वारा उठणार होता म्हणून पहाटे तीन चाळीसलाच लागणार होतं. मुकादम म्हणाला, तौहामी, तू नको येऊस, दुसरा माणूस बघतो. तर हा म्हणतो, "का? माझे हात काय मोडलेत?"

घरी झोहरा सहेरीचं, रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाचं, करत होती. मनुका घालून मस्फूफ, रव्याचा गोड सांजा, केला होता.

"दोन घास खाऊन जा."

"दोर बांधतो आणि येतो. झाकून ठेव."

तीन ताटं झाकलेली. तो निघाला. गल्लीत सहेरीला उठवणारा ढोल वाजत होता.

धक्क्यावर पुढच्या खुंट्याशी तौहामी, मागच्याशी मी. जहाज आत आलं. सगळे दिवे चालू, वर कुठंतरी गाणी. धक्का तीस हातांवर असेल तेव्हा मला आवाज आला.

छुन्न.

मी तिकडं बघितलं. तौहामीच्या पायाशी दोरी पडली होती. त्यानं सवयीनं उचलली आणि ओढायला लागला. हाताला ओली लागली. वरून येणारी दोरी कोरडी असते, पोरांनो... नेहमी कोरडी असते.

एवढ्यात वरून खलाशी ओरडला, "तयार? फेकतो आता."

आणि त्यांची दोरी आली. धप्प. नुसतं धप्प.

मग हातातली कुणाची?

तौहामीनं बॅटरी मारली. दोरी वर जहाजाकडं जात नव्हती. धक्क्याच्या काठावरून खाली जात होती. पाण्यात.

खालून दोन हिसके आले.

दोन हिसके म्हणजे काय, तुम्हाला ठाऊक आहे. ओढ.

तो ओढायला लागला. जड... फार जड. आणि जहाज जवळ येत होतं. वीस हात. पंधरा.

"थांबवा!" तो ओरडला. "खाली माणूस आहे, थांबवा!"

वर गाणी. कुणी वाकून बघितलं नाही. मी वायरलेसवर ओरडलो... नुसती खरखर.

दहा हात.

पुन्हा दोन हिसके.

"ओढतोय रे बाळा... ओढतोय..."

पाच.

...

जहाज धक्क्याला टेकलं. हळूच. त्या मजल्यांमधल्या एकाचीही झोप मोडली नसेल.

दोरी सैल पडली.

मी धावत गेलो. तौहामी खुंट्यावर बसला होता, आणि त्याच्या मुठीत रम्झीची ती घुंगराची गाठ. काठाशी बॅटरी मारमारून बघितलं, संध्याकाळी जहाज गेल्यावर पाणबुड्या उतरवला. काही नव्हतं. आणि जिन्न म्हणू नका मला. रमजानात सगळे जिन्न साखळदंडानं बांधलेले असतात, हे शेंबडं पोरही सांगेल. त्या रात्री आलं ते बाहेरचं नव्हतं. घरचंच होतं.

तौहामी हलेना. उजाडलं, आठ वाजले, प्रवासी उतरायला लागले. गवती टोपी घातलेली एक बाई त्याच्यासमोर थांबली, त्या गाठीकडं बोट करून हसली आणि पाच युरोची नोट पुढं केली. आठवण म्हणून हवी होती तिला. तौहामीनं मूठ आवळली. मीच तिला हातानं वाट दाखवली. तिचा तरी काय दोष, म्हणा. पण त्या दिवशी मला तिची टोपी पाण्यात फेकावीशी वाटली, खोटं कशाला बोलू.

तो घरी गेला. ताटं तशीच झाकलेली. त्यानं गाठ झोहरापुढं ठेवली आणि सगळं सांगितलं. दोन दहाचा फोन, दिवे, 'जा'.

झोहरानं गाठ हातात घेतली. मग एवढंच म्हणाली, "सात महिने मी त्याचं ताट वाढत होते आणि तुला ठाऊक होतं."

तिनं रम्झीचं ताट उचललं. आणि तौहामीचंही उचललं.

दुसऱ्या दिवशी मशिदीत नमाज झाली. पोराला त्याची नमाज मिळाली. नवराबायको त्यानंतर एका चटईवर जेवले नाहीत. गेल्या थंडीत तौहामी गेला, तेव्हा ती आली, तोंड बघितलं आणि ही गाठ माझ्या हातात देऊन गेली. म्हणाली, "घरात नको. धक्क्यावरची आहे, धक्क्यावर ठेवा."

साबेर, खाली बघू नकोस. तू कुणाच्या नावेत जागा धरलीयस ते मला कळलंय. नको जाऊस म्हणणार नाही मी. इथं राहा म्हणायला माझ्याकडं तुला द्यायला काय आहे? एकच सांगतो. पाण्यात दिवे दिसले तर त्यांच्याकडं जाऊ नकोस.

आता ऊठ. त्या गाठीला हात लाव. हो, आज मीच सांगतोय. तीन रमजान झाले तिला पाण्याबाहेर येऊन, आणि ह्या खोलीत शेगडी रोज पेटते.

लाव हात...

बघ. अजून वाळली नाही.