बुर्टशाइडच्या तळघरातली शेवटची काच

स्वराली, दिवा राहू दे, पण ती खिडकी लाव. गंधकाचा वास येतोय. आखनमध्ये तो येणारच म्हणा, खाली सगळं गरम पाणी. हसू नकोस प्रणव. ही माझ्या शेजारच्या सुखदेवची गोष्ट आहे, आणि तिच्यातली काच मी हातात धरून पाहिलीय.

सुखदेव इथे जर्मनीत येऊन झऱ्यांवर डॉक्टरेट करत होता. आखनच्याच बुर्टशाइड भागातल्या एका जुन्या स्नानगृहाच्या तळघरात एक झरा होता. एकोणिसाव्या शतकात कोणीतरी मॅग्नेशियमची पट्टी पेटवून, तिच्या उजेडात, त्याचा काचेवर फोटो काढला होता. सुखदेवला तस्साच फोटो हवा होता, त्याच जागेवरून, त्याच पद्धतीने. तेव्हाचा झरा आणि आताचा झरा शेजारी ठेवायला.

जमेचना! काचेला चांदीचं रसायन लावायचं, ओली असतानाच फोटो घ्यायचा, लगेच धुवायची. आणि गंधकाच्या वाफेने चांदी काळी पडते. उन्हाळाभर प्रत्येक काच काळीठिक्कर. प्रोफेसर आपले म्हणायचे, "त्या माणसाला जमलं होतं ना? गेनाऊ, अगदी तस्संच!" सुखदेवचा नुसता जळफळाट.

त्यात इमारत पाडायचं ठरलं. सकाळी झऱ्यावर काँक्रीट पडणार, आणि ही आदली रात्र. तेवीस नोव्हेंबर दोन हजार सहा, गुरुवार. हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीचा रखवालदार, किल्ली देऊन घरी गेला. सुखदेव आणि त्याची बायको प्रभावती लाकडी कॅमेरा आणि लाल कंदील घेऊन बसने गेले आणि तळघरात उतरले.

पहिली काच काळी. दुसरी काळी. शेवटी एकच उरली.

"अहो, चला आता," वहिनी म्हणाल्या. "दुसऱ्या झऱ्याचा काढा."

"दुसऱ्या? प्रभा, प्रबंधाचा अर्धा भाग या झऱ्यावर उभा आहे! पट्टी धर."

त्याने काळ्या कापडात डोकं घातलं. त्या कॅमेऱ्यात मागच्या काचेवर सगळं उलटं दिसतं. कमानी खाली, पाणी वर. आणि पाण्यापलीकडे, भिंतीला चिकटून, एक माणूस.

हाउसमाइस्टर परत आला, असं वाटून तो आणखीच चिडला. "बिट्टे, बाजूला व्हा! माझी शेवटची काच आहे!"

"कोणाशी बोलताय?" वहिनींनी विचारलं.

त्याने कापड बाजूला केलं. पाणी. वाफ. भिंत. कोणी नाही.

"तुला कोणी दिसलं?"

"नाही."

पुन्हा कापडात डोकं. माणूस होता. आता पुढे आलेला... पाण्यावर. आणि तेव्हा सुखदेवच्या लक्षात आलं.

काचेवर सगळं उलटं होतं.

माणूस सुलटा होता.

दुसरा कोणी असता तर पळाला असता. हा वैतागलेला. "उभं राहायचंय ना? राहा!" म्हणाला. ओली काच सरकवली. भिंगाचं झाकण काढलं. "प्रभा, पेटव!"

पांढराशुभ्र उजेड.

झऱ्याचं बुडबुडणं थांबलं.

एकदम.

"प्रभा..."



पट्टी विझली. अंधार. मग हळूच... पाणी पुन्हा बुडबुडू लागलं.

लाल कंदिलाच्या उजेडात त्याने काच धुतली. काळी पडली नाही! त्या उजेडात काय आलंय ते नीट कळत नव्हतं, पण लख्ख उमटली होती. घरी येईपर्यंत तो लहान मुलासारखा खूश होता. रात्रीच त्याने माझं दार वाजवलं. त्यांच्या स्वयंपाकघरात, दिव्यासमोर काच धरून आम्ही दोघांनी नीट पाहिली.

झरा नव्हताच तिच्यात.

लाकडी कॅमेरा होता, समोरून. भिंग आमच्याकडे. कॅमेऱ्यामागे सुखदेव, हातात झाकण. फोटो पलीकडून काढलेला... जिथे भिंत आहे.

"वहिनी," मी विचारलं, "तुम्हाला खरंच कोणी दिसलं नव्हतं?"

त्या ओट्याकडे वळल्या. गॅस पेटवला. चहाचं आधण ठेवलं.

काचेवर त्याही होत्या. हातात जळती पट्टी. पण नजर पट्टीकडे नाही, नवऱ्याकडे नाही, थेट आमच्याकडे. ताठ उभ्या. हनुवटी जराशी वर. पदर सारखा केलेला...

कोणीतरी तसं उभं राहायला सांगितल्यासारख्या.