सुखदाची वळकटी

भीती वाटली तर माझा हात धरा, पण मधे उठू नका.

तर लोअर हट शहरातली सुलभा लेकीला लोणचं द्यायला निघाली, एवढीच गोष्ट. पण लेक कुठं? समुद्रापलीकडं, साउथ आयलंडच्या डोंगरात, एका पत्र्याच्या झोपडीत! सुखदानं फार्मसीतली नोकरी सोडून घोडा धरलेला. हिवाळ्याआधी डोंगरावरची मेंढरं खाली हाकणाऱ्या टोळीत ती एकटीच बाई. भिशीतल्या बायका "अगंबाई, मेंढरं?" म्हणायच्या. सुलभा मान ताठ करून म्हणायची, "हो, मेंढरं! तुमच्या लेकींना घरातलं मांजर तरी हाकलता येतं का?"

रसदीच्या ट्रकमधून ती दुपारी पोचली. टोळी वर गेलेली. रेवी नावाचा म्हातारा माओरी स्वयंपाकी होता. "किया ओरा, सुखदाची आई!" म्हणून त्यानं चहा दिला आणि सरपणाला गेला.

आत फळ्यांचे पलंग. प्रत्येकावर एकेकाचं सगळं घरदार! जाड कॅनव्हासचं अंथरूण, लोकरीचं ब्लँकेट, उशाशी तंबाखूची डबी, वस्तरा, कुणाच्या बायकोचा फोटो. सुखदाच्या उशाशी खोबरेल तेल. आणि सगळी अंथरुणं दिवसाढवळ्या पसरलेली. आता हे आपल्या बाईला बघवतं का? सुलभानं बाह्या वर केल्या, एकेक अंथरूण झटकलं, गुंडाळलं, पट्टे आवळले. सुखदाच्या पट्ट्याला मुद्दाम अशी गाठ मारली, की पोरगी रडकुंडीला यावी. चेष्टेखोर मेली!

रेवी आला. त्याच्या हातातलं सरपणच खाली पडलं.

"हे... कुणी केलं?"

"मी. कसं छान दिसतंय!"

"बाई, वर गेलेल्याचं अंथरूण आम्ही उघडं ठेवतो. तो परत येणार म्हणून. वळकटी बांधतात ती... जो येणार नाही त्याची. घरी पाठवायला."

सुलभा हसणारच होती. तेवढ्यात खिडकीतला डोंगर दिसेनासा झाला. धुकं उतरलं, दाराच्या फटीतून आत आलं. ओल्या लोकरीचा वास सुटला. वर कुत्री भुंकत होती, ती एकदम गप्प झाली.

दोघं पट्टे सोडायला धावली. एक वळकटी उलगडली, आणि बाहेर एक घोडा फुरफुरला. दुसरी उलगडली, दुसरा घोडा. माणसं ओलीचिंब होऊन आत यायला लागली. सुखदाची गाठ मात्र सुटेना.

"सुखदा कुठाय?"

"मागंच होती..." एक जण म्हणाला आणि जमिनीकडं बघायला लागला.

सुलभानं गाठीत दात घातले. हिरडीतून रक्त आलं. शेवटी पट्टा सुटला, अंथरूण पसरलं, आणि दारात टापा वाजल्या.

"आई? तू इथं? आणि तोंडाला काय लागलंय?"

सुलभानं पटकन तोंड पुसलं. तो मघाचाच माणूस टोपी काढून म्हणाला, "कड्याकडं पळालेला कळप तुमच्या लेकीनं वळवला. त्या धुक्यात आमच्यातला एकही गेला नसता."

सुलभाची छाती अशी फुगली! "बस गं माझे राणी," म्हणत ती पलंगाकडं वळली.

सुखदाची वळकटी पुन्हा बांधलेली होती. पट्टा आवळलेला. तीच गाठ.

"काय आई, पुन्हा तुझी चेष्टा!" सुखदा खदखदून हसली, सगळे हसले. जन्मभर दुसऱ्यांच्या खोड्या काढलेल्या बाईवर कोण विश्वास ठेवणार? रेवी तेवढा हसला नाही.

सकाळी सुखदानं खोगीर कसलं. राहिलेली मेंढरं आणायची होती. "नको जाऊस" हे शब्द सुलभाच्या ओठांवर आले, ते तिनं गिळले. "नीट वळव हो," एवढंच म्हणाली. मग लेकीचं अंथरूण पसरून त्यावर मांडी ठोकून बसली.

थोड्या वेळानं तिच्याखालचं ब्लँकेट हळूच पायथ्याकडं सरकलं. ओढत होतं कुणीतरी... दमानं, घाई नसल्यासारखं.

"ओढ मेल्या, ओढ," सुलभा म्हणाली. तिनं ब्लँकेट मुठीत घट्ट धरलं. "माझी लेक कामाला गेलीय. येणार आहे ती."

ओढ थांबली.

आणि मग तिच्या शेजारी, त्याच अंथरुणावर, कुणीतरी वाट बघायला टेकावं तसा हळूहळू एक खड्डा पडला.