हातमोज्यांची पेटी

आमच्या प्रयोगशाळेत काचेच्या दोन बंद पेट्या आहेत. एक माझी, एक धाकटीची. पेटीत नायट्रोजन भरलेला असतो आणि समोरच्या काचेला खांद्यापर्यंत येणारे काळे, रबरी हातमोजे जोडलेले असतात. काम असेल तेव्हा बाहेरून त्यांत हात घालायचे. हात काढले की आतल्या दाबाने मोजे बाहेर फुगून ताठ उभे राहतात. नवीन माणूस दचकतो. मला बारा वर्षांत त्यांचं कधी काही वाटलं नव्हतं.

पेटी लागते, कारण आमचं एन्झाइम हवेत मरतं. जमिनीतल्या एका जिवाणूपासून आम्ही ते काढतो. या एन्झाइमच्या पोटात निकेल आणि लोखंडाचे मोजके अणू असतात, आणि त्यांच्या जोरावर ते पाण्यापासून हायड्रोजन बनवतं. उद्याचं इंधन वगैरे. माझं एन्झाइम बारा वर्षांत चाळीस मिनिटांच्या वर कधी जगलं नाही. धाकटी, म्हणजे माझी सख्खी बहीण, दोन वर्षांपूर्वी इथे आली. तिचं पहिल्याच वर्षी तीन तास चाललं. शुक्रवारी आमचे प्रमुख, सर, दोघींपैकी एकीचं काम मोठ्या प्लँटसाठी निवडणार होते. दुसरीचं कायमचं बंद.

"धाकटीचं जमलं का गं?" आई फोनवर विचारायची. माझं जमलं का, हे विचारायचं तिने केव्हाच सोडलं होतं.

मी जळत होते. उगाच गोड शब्द कशाला वापरू? लहानपणी धाकटीने दार आपटलं आणि माझ्या डाव्या हाताची करंगळी चेंगरली. तेव्हाही आईने तिलाच कुशीत घेतलं, कारण म्हणे ती घाबरली होती. करंगळी तेव्हापासून वाकडी आहे. बाकीच्या बोटांपासून फटकून राहते.

सोमवारी दुपारी धाकटी घाईत आली. "ताई, माझं द्रावण आत घेशील? मी मीटिंगला पळते."

पेटीत काहीही घेताना आधी बाजूच्या छोट्या कोठडीत ठेवायचं. तिथली हवा तीनदा खेचून काढायची, तीनदा नायट्रोजन भरायचा, मगच आतलं दार उघडायचं. झोपेतही न चुकणारी गोष्ट. मी बाटली कोठडीत ठेवली आणि आतलं दार सरळ उघडलं. हवा एकदाही खेचली नाही. मग तिच्या मोज्यांत हात घालून ते द्रावण एन्झाइमच्या नळीत ओतलं, नळी हातात धरली आणि ते मरताना बघत उभी राहिले.

पडद्यावर ऑक्सिजनचा आकडा चढला. हायड्रोजनची रेघ खाली यायला हवी होती. ती वर गेली.

मी वीस मिनिटं थांबले. हात गार पडले तेव्हा बाहेर काढले. त्याच क्षणी रेघ कोसळली. योगायोग, म्हटलं. पुन्हा हात घालून नळी धरली. रेघ चढली. वहीत वेळा लिहून ठेवल्या: सातदा हात घातले, सातदा चढली. एवढ्या जाड रबरातून काही आत जायचा प्रश्नच नव्हता. माझ्या पेटीतही करून पाहिलं. काहीच झालं नाही. हात माझे, आणि तेसुद्धा तिच्याच उपयोगाचे!

मंगळवार ते गुरुवार मी तिच्या पेटीकडे फिरकले नाही. तिची रेघ तळाला चिकटून होती. मला दोन घास जास्त जात होते.

शुक्रवारी सकाळी सर आले. धाकटीचा चेहरा रडवेला झाला होता. माझी चाळीस मिनिटं वहीत तयार होती.

"सर, एकच मिनिट," ती म्हणाली. "ताई, तू हात घाल ना. सोमवारचा आलेख बघितला मी. तू होतीस तेव्हा चालत होतं."

"माझ्या हातांत काय जादू आहे?"

"हात बसलाय गं तुझा. बारा वर्षं झाली."

सर हसले. "घाला हो. बघू तरी."

नाही म्हणायला कारण लागतं. माझं कारण सांगण्यासारखं नव्हतं.

मी हात घातले. नळी धरली. रेघ चढली.

वीस मिनिटं. चाळीस. सर खुर्ची ओढून बसले.

माझे हात कोपरापर्यंत बधिर झाले.

"नळी सोडू नकोस हं, ताई."

मला ती सोडता येत नव्हती.

तासाभराने सर उठले आणि धाकटीकडे वळले. "अभिनंदन. तुमचंच घेतोय."

मी सगळा जोर लावून हात ओढून काढले आणि ऊब यावी म्हणून तसेच कोटाच्या खिशांत घातले. रेघ खाली आली नाही.

सर बाहेर गेले. धाकटीने दारातूनच आईला फोन लावला. मी मागे वळून पाहिलं. माझ्या पेटीचे मोजे नेहमीसारखे बाहेर ताठ उभे होते.

तिच्या पेटीचे आत होते. भरलेले. बोटं नळीभोवती आवळलेली.

डाव्या मोज्याची करंगळी तेवढी फटकून होती.

"ताई," धाकटी फोन पुढे करत म्हणाली, "घे. आई तुझ्याशी बोलायचं म्हणतेय."

कधी नव्हे ते आईने मला मागितलं होतं. धाकटी हात लांब करून उभी राहिली. मला खिशांतून हात बाहेर काढायचा धीर होईना.