ओळख नसलेला पडदा

लॅपटॉपवर चार नंबरचा सांधा लाल दिसत होता आणि भिंतीवरच्या मॉनिटरवर तोच सांधा हिरवा.

रेवती तांडेलने केबल काढली, टोकावर फुंकर मारली आणि पुन्हा खोचली. भिंतीवरचा भलामोठा मॉनिटर क्षणभर काळा झाला, ‘सिग्नल नाही’ म्हणाला आणि मग पुन्हा उजळला. समुद्राच्या तळाशी बांधलेल्या वस्तीचा आराखडा त्यावर उमटला: दोन गोल खोल्या, मधला बोगदा, सहा सांधे. सगळे सांधे हिरवेगार.

देवगडच्या किनारा-कक्षात त्या सकाळी सात जण हजर होते, आणि लॅपटॉप मॉनिटरला जोडताना काय करावं याची सातही जणांची मतं तयार होती. कोणी म्हणालं, दुसऱ्या पोर्टला लाव. कोणी म्हणालं, बंद करून चालू कर. लेखा विभागातून चहासाठी आलेल्या बाईंनीसुद्धा ‘आमच्या घरच्या टीव्हीला असंच होतं’ अशी भर घातली. रेवतीने प्रत्येकाचं ऐकलं, कारण न ऐकलेल्या माणसाचं मत दुपटीने लांबतं. केबल बदलली. चित्राच्या कडा कापल्या जात होत्या, त्या मापात बसवल्या. रंगांची मांडणी पहिल्यासारखी केली. चित्र इतकं सुरेख दिसू लागलं की कोणीतरी ‘वा’ म्हणालं.

सांधा हिरवाच राहिला.

“तुझ्या लॅपटॉपचा पडदा म्हातारा झालाय,” संचालक डॉ. राजाध्यक्ष म्हणाले. “हा मॉनिटर नवा आहे. पाहणी समिती दुपारी जेवून येणार, त्यांना हाच दाखवायचा.”

“सर, लाल आणि हिरवा यांत जुन्या-नव्याचा काय संबंध? खाली पाच माणसं आहेत.”

“त्यातला एक तुझा भाऊ आहे. म्हणून तुला लाल दिसतं.”

वाक्य हसत म्हटलं होतं, त्यामुळे त्याला उत्तर देता येत नव्हतं. या संस्थेत मोठ्या पडद्यावर दिसतं ते खरं मानायची रीत होती, आणि सर्वांत मोठा पडदा संचालकांच्या खुर्चीसमोर होता.

“निदान जहाज तरी बोलवा. माणसांना वर आणणारी कुपी जहाजाशिवाय खाली जात नाही. आत्ता निघालं तर संध्याकाळी पोचेल.”

“हिरव्या चित्रावर जहाज बोलावू? समितीला काय सांगू, आमच्या बाईंना धाकधूक वाटत होती?”

जहाजाचा हुकूम संचालकांचा. पण वस्तीतल्या माणसांनी कुठे बसायचं, हे ठरवायचा अधिकार पाळीवरच्या अभियंत्याचा होता, आणि पाळी रेवतीची होती. तिने ध्वनिदुव्याचा फोन उचलला. पाण्यातून रेडिओ जात नाही, आवाजाच्या लहरी जातात. त्यामुळे खालचं बोलणं विहिरीतून आल्यासारखं यायचं.

“हर्षल, सगळे एक नंबरच्या खोलीत आहात?”

“हो ताई. सावंतकाका पोहे करतायत. मीठ विसरलेत, पण बोलायची सोय नाही.”

“पोहे घ्या आणि दोन नंबरच्या खोलीत जा. मधलं दार लावून घ्या. चार नंबरचा सांधा एक नंबरच्या खोलीला आहे, मला त्याचा भरवसा नाही.”

“दोन नंबर? ती सामानाची खोली आहे गं. पाच जण मांडी घालून तरी बसतील का?”

“मांडी घालू नका. पाय पोटाशी घ्या.”

“आमच्या पडद्यावरपण लाल दिसतोय सांधा,” हर्षल म्हणाला. त्याचा आवाज जरा उतरला. “जातो.”

त्याला लाल दिसणारच होता. मागे एकदा किनाऱ्यावरच्यांना एक आकडा दिसला, खालच्यांना दुसरा, आणि त्यावरून अशी जुंपली की दोन्ही बाजूंनी आठवडाभर एकमेकांशी फक्त लेखी बोलणं केलं. तेव्हापासून ‘एकच चित्र’ हा नियम झाला: पाळीवरच्या अभियंत्याच्या लॅपटॉपवर जे दिसेल त्याचं प्रतिबिंब वस्तीतल्या पडद्यावर. खराब हवेची घंटासुद्धा त्याच चित्रातल्या आकड्यांवर वाजायची. भांडणं थांबली. खालच्यांनी आपले डोळे वरच्यांना देऊन टाकले, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

माणसं दोन नंबरच्या खोलीत गेली, दार लागलं. रेवतीने रत्नागिरीला फिरोज मुकादमला फोन लावला. वस्तीची चित्रप्रणाली त्याने बांधली होती. तो पोचेपर्यंत दुपार झाली. तेवढा वेळ रेवती लॅपटॉपसमोरून हलली नाही. सांध्यावरचा ताण मुंगीच्या पावलाने वाढत होता. भिंतीवर तो वाढत नव्हता.

फिरोजने केबलला हातसुद्धा लावला नाही. आधी लॅपटॉप पाहिला, मग भिंत, मग डॉ. राजाध्यक्षांची खुर्ची.

“केबल ठीक आहे. मॉनिटर ठीक आहे. दोन्ही चित्रं बरोबर आहेत.”

“एक लाल आणि एक हिरवं?” राजाध्यक्ष म्हणाले. “दोन्ही बरोबर कशी असतील, मुकादम?”

“सर, कुठलाही मॉनिटर जोडला की तो आधी लॅपटॉपला आपली ओळख सांगतो. मी एवढा रुंद, मला एवढे रंग येतात. लॅपटॉप त्या मापाचं चित्र पाठवतो. आपल्या पडद्यांना मी आणखी एक गोष्ट सांगायला शिकवली. समोर कोण बसलंय आणि त्याची नजर कुठे आहे.”

“ती कशाला?” रेवतीने विचारलं.

“ध्वनिदुवा अरुंद आहे. वस्तीतले हजारो आकडे एकदम वर येऊ शकत नाहीत. मग मी नजरबचत केली. ज्या आकड्यावर पाहणाऱ्याची नजर टिकते, तो खालून ताजा मागवायचा. ज्याकडे कोणी बघत नाही, तो मागच्या महिन्याच्या सरासरीवरून भरायचा. चित्र पूर्ण दिसतं, दुवा तुंबत नाही. या कामाबद्दल मला शाल मिळाली होती.”

“म्हणजे माझ्यासमोरचा हिरवा सांधा…”

“मागच्या महिन्याचा आहे, सर. मोठ्या मॉनिटरला तुमची ओळख दिलेली आहे, तो फक्त तुमचीच नजर मोजतो. तुमची नजर कुठे असते ते मघापासून बघतोय मी.”

सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. मॉनिटरच्या माथ्यावर ‘प्रकल्पाची स्थिती: उत्तम’ असं लिहिलं होतं आणि त्याखाली संचालकांचं नाव. अक्षरं अतिशय ताजी होती.

राजाध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. “मग खरं चित्र कुठे बघायचं?”

“ज्याला ओळख सांगता येत नाही अशा पडद्यावर. ओळख मिळाली नाही की लॅपटॉप घाबरतो, सर्वांत साधं, जाड चित्र पाठवतो. आणि समोर कोण आहे हे कळत नाही म्हणून नजरबचत बंद पडते. सगळे आकडे ओळीने, एकेक करून, खालून मागवावे लागतात. वेळ लागेल.”

अडगळीच्या कपाटात एक जुना मॉनिटर निघाला. फिरोजने केबलच्या टोकातली ओळख नेणारी पिन चिमट्याने उपटली आणि केबल जोडली. लॅपटॉपने दोनदा विचारलं, उत्तर आलं नाही. मग मॉनिटरवर शाळेच्या फळ्यावर असावीत तशी जाडीभरडी, कडा तुटलेली अक्षरं उमटू लागली. वरून खाली, एकेक ओळ. चकचकीत काही नाही.

सांधा एक, ठीक. सांधा दोन, ठीक. सांधा तीन, ठीक.

सांधा चार: ताण मर्यादेबाहेर.

राजाध्यक्षांनी स्वतः उठून फोन घेतला आणि जहाजाला निघायला सांगितलं. सांगताना आवाज खाली ठेवला. समिती दारात आली होती आणि भिंतीकडे बघून कौतुकाने माना हलवत होती. रेवतीने खुर्चीला पाठ टेकली. आपण चुकलो नव्हतो, हे कळल्यावर माणसाला जो आनंद होतो त्यात थोडा दुष्टपणा असतो, आणि तो तिने क्षणभर उपभोगून घेतला.

“अजून ओळी येतायत,” फिरोज म्हणाला.

पाणी, वीज, बोगद्याची दारं. एक नंबर खोलीची हवा, ठीक. मग पुढची ओळ.

खोली दोन: हवाशुद्धी यंत्र बंद. कर्बवायू धोक्याच्या वर.

रेवतीने लॅपटॉपकडे पाहिलं. तिथे दोन नंबरच्या खोलीची हवा डोंगरावरच्या सकाळसारखी स्वच्छ होती.

“फिरोज, हा आकडा…”

“तू तिकडे बघितलंस का सकाळपासून?”

तिने बघितलं नव्हतं. तिचे डोळे सांध्यावर खिळले होते. सांधा ताजा येत होता, बाकी सगळं सरासरीने भरलं जात होतं. आणि मागचा महिनाभर दोन नंबरची खोली रिकामी होती. तिथे श्वास घ्यायला कोणी नव्हतं, म्हणून सरासरीतली हवा शुद्ध होती. यंत्र कधी बंद पडलं, हेही कोणी पाहिलं नव्हतं. आणि तेच चित्र खाली पाच जणांसमोर लावलेलं होतं.

आता तिची नजर पडली तसा लॅपटॉपवरचा आकडा फिरू लागला. पण ती उठून फोनकडे धावली होती.

“हर्षल! हर्षल, ऐकतोस का?”

बऱ्याच वेळाने आवाज आला. “ऐकतोय गं. ओरडू नको. डोकं दुखतंय.”

“दार उघड. सगळ्यांना एक नंबरच्या खोलीत ने.”

“मघाशी तिकडून हाकललंस.”

“मघाशी अर्धंच बघितलं मी. तुम्ही बसलाय तिथली हवा खराब आहे.”

“हिरवी दाखवतायत,” तो संथपणे म्हणाला. “छान हिरवी. आणि सांधा लाल. लाल सोडून हिरव्यात आलो ना आम्ही? तूच…”

“पडद्याकडे बघू नकोस! तो माझा पडदा आहे, त्यात मी जे बघितलं तेवढंच खरं आहे. तुझं डोकं दुखतंय ते खरं आहे. दार उघड, बाळा.”

बाळा म्हटलेलं त्याला शाळेत असल्यापासून चालत नसे. आता तो दाराकडे सरकल्याचं ऐकू आलं. धातूचा आवाज आला. मग दम टाकण्याचे, फरफटण्याचे आवाज. “सावंतकाका उठत नाहीयेत,” कोणीतरी लांबून म्हणालं.

“पाय धरा आणि ओढा!”

जुन्या मॉनिटरवर ओळी पुन्हा वरून सुरू झाल्या होत्या. रेवती त्यांच्याकडे टक लावून उभी राहिली, पण या पडद्याला तिच्या नजरेची किंमत नव्हती. प्रत्येक ओळ आपल्या वेळेलाच येत होती.

खोली दोन: माणसे एक.

“दार लावलं,” फोनमध्ये हर्षल म्हणाला.

“पण इथे अजून एक दिसतोय,” राजाध्यक्ष कुजबुजले. “तांडेल, अजून एक आत आहे!”

“ती ओळ मघाची असेल,” फिरोज म्हणाला. “नसेलही. पुढच्या फेरीत कळेल.”

रेवतीने डोळे मिटून घेतले. “हर्षल, प्रत्येकाला आपापलं नाव सांगायला लाव. मला ऐकव.”

एक नाव आलं. दुसरं. तिसरं रडक्या आवाजात. हर्षलने आपलं सांगितलं. मग बराच वेळ फक्त समुद्राची घरघर. मग खोकल्याची उबळ, आणि सावंतकाकांचा घोगरा आवाज: “मी आहे. मला कोणी ओढलं रे?”

रेवती खाली बसली.

“ताई,” हर्षल म्हणाला. त्याच्या बोलण्याला आता धार येत होती. “हवा बरी वाटतेय. पण आम्ही त्याच सांध्याखाली बसलोय. आता कसा आहे तो?”

जहाज यायला आता रात्र होणार होती. जुन्या मॉनिटरवर सांध्याची ओळ यायला अजून अवकाश होता. फिरोजने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. “यात बघ. लगेच ताजा आकडा येईल.”

तिने लॅपटॉपचं झाकण खाली केलं, जुना मॉनिटर चालूच राहिला. “आणि बाकीचे आकडे पुन्हा मागच्या महिन्यात जातील. नको. हर्षल, चार नंबरच्या सांध्याला हात लावून सांग.”

“हात?”

“हात. तळवा.”

तो उठल्याचं ऐकू आलं. इकडे समितीतले एक गृहस्थ भिंतीवरच्या मॉनिटरबद्दल काही विचारत होते आणि त्यांना कोणी उत्तर देत नव्हतं.

“थंड आहे,” हर्षल म्हणाला.

“ओला आहे का?”

तळवा सांध्यावरून फिरल्याचा आवाज आला.

“ओला नाही, ताई.”

“मग हात काढू नकोस,” ती म्हणाली. “जहाज येईपर्यंत काढू नकोस. दमलास की दुसऱ्याला लावायला सांग.”

फोन तिने कानापासून हलवला नाही.