मागून, गरम

सोमवारी दुपारी ओदील स्वयंपाकघरात शिरली ती भांडी बांधायला. काखेत जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा, हातात सुतळीचं बंडल. फ्रान्समधल्या मोरवांच्या जंगलात, तळ्याकाठच्या जुन्या पाणचक्कीत तिचं हॉटेल होतं. लोक पॅरिसहून तीन-तीन तास गाडी हाकत तिथे जेवायला यायचे. रविवारची शेवटची पंगत उठली आणि ते कायमचं बंद झालं. बुधवारी सकाळी नवे मालक चाव्या घ्यायला येणार होते, आणि ओदील बहिणीकडे दिजॉनला जाणार होती. गॅसवाला सकाळीच जोडणी काढून गेला होता. चाळीस वर्षांत ती भली मोठी भट्टी अशी गार पडलेली कुणी पाहिली नव्हती.

बाहेर नोव्हेंबरचं धुकं तळ्यावरून उठून खिडक्यांना येऊन टेकलं होतं. तीन वाजताच दिवे लावावे लागले. पलीकडे जेवणाच्या दालनात रेजीन मेजांवरच्या पांढऱ्या चादरींच्या घड्या घालत होती. वाढप्यांची ही मुकादम. गिऱ्हाइकांपुढे तिच्या जिभेवर साखर असायची आणि आत पाऊल टाकलं की तीच जीभ तिखट व्हायची. तीस वर्षं दोघी एकमेकींवर करवादत आल्या होत्या आणि एकमेकींशिवाय त्यांचं पान हलत नव्हतं.

“रडत बसू नकोस गं,” रेजीनने तिकडूनच बजावलं. “भांडी आधीच जड आहेत.”

ओदीलने पहिलं तांब्याचं पातेलं खाली उतरवलं. ते गिस्लँचं होतं, तिच्या नवऱ्याचं. सॉस करण्याचं काम त्याच्याकडे असायचं आणि त्याच्या पातेल्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपत नसे.

त्या मुलखातल्या मोठ्या स्वयंपाकघरांत एक नियम असतो. उकळतं भांडं घेऊन कुणाच्या पाठीमागून जायचं असेल तर “मागून, गरम!” म्हणायचं. ज्याला म्हटलं त्याने जागच्या जागी उभं राहायचं. वळायचं तर अजिबात नाही. ओदील वीस वर्षांची असताना इथे नोकरीला लागली आणि पहिल्याच दिवशी वळली. पातेल्याची कड तिच्या डाव्या हाताला चाटून गेली, मनगटाच्या वर चंद्रकोरीसारखं भाजलं. गिस्लँ म्हणाला होता, “नवी दिसतेस. मागून म्हटलं की वळायचं नसतं, हे सांगितलं नाही वाटतं कुणी?” मग त्याने तिचा हात नळाखाली इतका वेळ धरून ठेवला, की पलीकडे त्याचा सॉस करपला. गिस्लँच्या हातून सॉस करपलेला पुन्हा कुणी पाहिला नाही. वर्षभराने त्यांनी लग्न केलं. डाग राहिला. पावसाळी हवेत तो अजून खाजायचा.

गेल्या फेब्रुवारीत, एका रविवारी, तो तिच्या पाठीमागून गेला आणि म्हणाला, “मागून, गरम.” ती बदकाचे तुकडे ताटलीत मांडत होती. ती वळली नाही. पातेलं ठेवून तो तळ्याकाठच्या बाकावर सिगारेट ओढायला गेला आणि बसल्या बसल्या संपला. लोक समजूत घालत, निदान शवपेटीत तरी पाहायला मिळाला. पण पेटीत होता तो कोटातला कुणी परका माणूस होता. त्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या नव्हत्या. एकदा मान वळवली असती तर तिला तो जिवंत दिसला असता, आणि या एका गोष्टीने नऊ महिने तिची झोप उडवली होती.

हॉटेलही त्याच्यामागून गेलं. त्याच्या वेळी टाय लावलेली बडी माणसंसुद्धा रीतभात विसरून पावाच्या तुकड्याने ताटली पुसून खायची. तो गेल्यावर ताटल्या आत येत त्या सॉससकट. पाहुणे उठताना फार गोड बोलत, आणि त्या गोड बोलण्याचा अर्थ ओदीलला कळायचा.

ती पातेलं कागदात गुंडाळत होती तेव्हा वास आला. आधी लोणी, खरपूस होत आलेलं. मग त्यात पडलेले बारीक कांदे. मग वाइनची आंबूस वाफ. तिने भट्टीकडे पाहिलं. भट्टी गारच होती.

पाठीमागून हलक्या आवाजात कुणीतरी म्हणालं, “मागून, गरम.”

आणि ओदील जागच्या जागी थांबली.

कुणी पाठीला घासून गेलं. कपड्यांतून ऊब लागली, लाकडी तळाच्या बुटांची टकटक ऐकू आली. वळ, वळ, असं तिचं मन ओरडत होतं. पण चाळीस वर्षं मुरलेली सवय ती, मानेचा एक स्नायू हलला नाही. टकटक मागच्या दारापर्यंत गेली. मग नुसतं धुकं आणि शांतता.

ती वळली तेव्हा तिथे कुणी नव्हतं. ती खाली फरशीवर बसली आणि स्वतःवरच्या संतापाने रडली.

रेजीन आली. तिने सगळं ऐकून घेतलं.

“वळली नाहीस ना... सुटलीस,” ती म्हणाली.

“सुटले कसली गं? पुन्हा तेच केलं मी. पुन्हा त्याला तसंच जाऊ दिलं.”

“ओदील, माणूस भाजू नये म्हणून केलेत हे नियम.”

“भाजलं तर भाजलं. परवा चाव्या द्यायच्या. दिजॉनचा पत्ता त्याला कोण सांगणार? त्याला हे घर माहीत आणि तो बाक माहीत.”

“मेलेल्या माणसाला पत्ते द्यायचे नसतात,” रेजीन म्हणाली. पण आवाजात नेहमीचा तिखटपणा नव्हता. तिलाही वास आला होता.

मंगळवारी दुपारी धुकं आणखी दाटलं. बांधून ठेवलेला स्वयंपाकाचा झगा ओदीलने पुन्हा काढून अंगात चढवला, पट्टा घट्ट आवळला आणि आपल्या जागी, भट्टीकडे पाठ करून उभी राहिली. समोर रिकामी ताटली. रेजीनला तिने दालनातच थांबायला सांगितलं होतं. दार ओढून घेतलं होतं.

वेळ गेला. नळ ठिबकत होता. खिडकीची काच हळूहळू काळवंडत आली. मग लोण्याचा वास आला, मग कांद्याचा, आणि मग, नऊ महिन्यांत तिला एकदाही न साधलेला तो सॉस, जसाच्या तसा. ओदीलचे डोळे भरून आले. मागे लाकडी बूट वाजले.

“मागून... गरम.”

ती वळली.

काहीतरी खणखणत फरशीवर पडलं. रेजीन दार ढकलून आत धावली. ओदील नळ सोडून त्याखाली डावा हात धरून उभी होती आणि तिचा चेहरा असा फुलला होता, की रेजीनला तिच्या जवळ जाववेना.

“दिसला?” तिने दारातूनच विचारलं.

“दिसला. बाह्या दुमडलेल्या... अगं, पोरगा आहे तो. मिशीसुद्धा नीट फुटलेली नाही.”

“काही बोलला?”

“म्हणाला, नवी दिसतेस.” ओदील हसली. “मी म्हटलं, गिस्लँ, अरे मी ओदील. तर म्हणतो, ओदील... चांगलं नाव आहे.”

रेजीनने भट्टीवर तळवा टेकवला. दगडासारखी गार होती. खाली तांब्याचं पातेलं कलंडलं होतं. कालच ते कागदात गुंडाळून, सुतळी बांधून खोक्यात ठेवलेलं तिने पाहिलं होतं.

“चल,” ती म्हणाली. “आत्ताच्या आत्ता गाडीत बस. चाव्या मी देईन त्यांना.”

“असं कसं? उद्या सातला कामावर यायला सांगितलंय त्याने. उशीर झालेला त्याला चालत नाही.”

“दाखव आधी हात.”

रेजीनने तिचं मनगट धरून दिव्याकडे ओढलं. मनगटाच्या वर ताजं, लालभडक भाजलं होतं, फोड धरत होता. आकार चंद्रकोरीचा. तिने हात उलटा केला, सुलटा केला, बाही कोपरापर्यंत सारली. मग दुसरा हातही पाहिला. तीस वर्षं रोज डोळ्यांसमोर असलेली खूण तिला कुठेच सापडेना.

“ओदील,” तिने अगदी हळू विचारलं, “तुझा तो जुना डाग... कुठे गेला?”

ओदीलने तिच्याकडे वळून पाहिलं.

“कुठला डाग?”