चव्वेचाळीस बाठे

चैत्र संपत आला तेव्हा आत्मारामला मोजण्याचाही शीण होऊ लागला होता. रोज सकाळी तो वही घेऊन कातळाची चढण चढायचा, सोनूबाईच्या बावीस हापूस कलमांखालून वाकून फिरायचा आणि पानांच्या पाठीला चिकटलेल्या मेलेल्या फळमाश्या मोजायचा. पुण्याच्या शेतकी कॉलेजातून पदवी घेऊन आलेल्या माणसाने माश्या मोजाव्यात याची, त्याला मास्तर म्हणणाऱ्या गावाला गंमत वाटे. त्याला स्वतःला आता काहीच वाटत नसे. हिवतापाने अंगातलं बळ नेलं होतं; नीट नोंद ठेवायची सवय तेवढी उरली होती.

तीन वर्षं सोनूबाईच्या आंब्यात अळी पडत होती. फळ बाहेरून सोन्यासारखं, कापलं की आत वळवळ. दगडी गडग्यापलीकडे तिच्या दिराची, धोंडूची कलमं होती, आणि वहिनीच्या बागेतली माशी आपल्याकडे येते हे त्याचं गाऱ्हाणं खोटं नव्हतं. बत्तीस सालच्या त्या हंगामात पंचांपुढे ठरलं: अक्षय्यतृतीयेला प्रत्येक कलमाचे दोन आंबे कापायचे, एकात जरी अळी निघाली तरी सगळी कलमं तोडायची. सोनूबाईच्या नवऱ्याने कातळात सुरुंग लावून खड्डे केले होते आणि डोक्यावरून माती वाहून ती लावली होती. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. कलमं होती.

आदल्या पावसाळ्यात याच बागेत आत्मारामला एक मेलेली फळमाशी सापडली होती. अंगावर पांढरी बुरशी, पंख ताठ पसरलेले. ती बुरशी त्याने बाटल्यांतून शिजवलेल्या भातावर वाढवली, वाळवून भुकटी केली आणि तुळशीच्या डहाळ्यांना लावून झाडाझाडाला टांगली. तुळशीच्या वासाला माशीचे नर येतात, भुकटी अंगावर घेऊन जातात, माद्यांना देतात आणि आठवड्याभरात सगळ्या मरतात.

"तुळशीला मारेकरी केलंत, मास्तर," सोनूबाई म्हणाली होती. पण डहाळ्या तिनेच खुडून दिल्या, आधी हात जोडून.

उपाय लागू पडला. तिसऱ्या आठवड्यात तुळशीवर एकही जिवंत माशी येईना.

मेलेल्या मात्र सापडतच राहिल्या. आदल्या दिवशीच्या तो चिमट्याने काढून टाकी. सकाळी तितक्याच नव्या, पंख पसरलेल्या, पांढऱ्या. जिवंत माशी नाही तर मेलेली येते कुठून? त्याने एका फांदीचं पानन् पान तपासून घेतलं आणि फांदी फळांसकट मलमलीच्या पिशवीत घालून तोंड सुतळीने आवळलं. दुसऱ्या दिवशी गाठ जशीच्या तशी होती. आत सात माश्या होत्या.

वहीत त्याने सात लिहिले. पुढचा, कारणाचा रकाना कोरा ठेवला.

अक्षय्यतृतीयेला अढीतले पिकलेले चव्वेचाळीस आंबे पडवीत मांडले गेले. धोंडूने कुऱ्हाड खांबाला टेकवून ठेवली आणि विळी पुढ्यात ओढली. पंच घोंगडीवर बसले.

"काय वो बुरशीवाले, हात का कापतायत?" धोंडूने आत्मारामला विचारलं.

"ताप येऊन गेलाय."

"मला वाटलं, आंबं कापायच्या आधी तुमीच कापायला लागलात."

सोनूबाई हसली नाही. ती कुऱ्हाडीकडे पाहत होती.

पहिला आंबा स्वच्छ निघाला. दहावाही. विसाव्यानंतर धोंडू कापता कापता खाऊ लागला, मग पंचही खाऊ लागले. आत्मारामनेही दोन खाल्ले. शेवटचा कापून झाल्यावर धोंडूने कोपरापर्यंत ओघळलेला रस पुसला.

"हरलो, वयनी. साखर हाय नुसती. बाठे तेवढे मला द्या. रोपं करीन, त्यावर तुमच्या झाडाची कलमं बांधीन."

तो हात धुवायला विहिरीवर गेला. आत्मारामने एक बाठा उचलला आणि मागच्या दारी कोयत्याने फोडला. कारण काही नव्हतं. फळ कापलं, बाठा राहिला होता, इतकंच.

आतली कोय पांढरी, घट्ट भरलेली होती. तिच्या दोन दळांच्या मधोमध एक माशी होती.

पंख पसरलेले. अंगावर बुरशी.

तिथे पंख पसरायला जागाच नव्हती. अळीला पंख फुटायचे तर तिला फळातून मातीत जावं लागतं. बाठ्याला सुईएवढंही भोक नव्हतं.

त्याने दुसरा फोडला. तिसरा.

सोनूबाई दारात येऊन उभी होती. तिने वाकून तिन्ही पाहिले.

"अळी नाय ना ही?"

"अळी नाही."

"मग भावजींना सांगू नका."

"सोनूबाई, हे काय आहे ते मलाही कळत नाही."

"मास्तर, पंचांपुढं अळीचं ठरलंवतं." तिने पदराने कपाळ पुसलं. "कुऱ्हाड हाय अजून पडवीत."

तिने तीन फुटके बाठे चुलीत टाकले आणि उरलेल्यांची टोपली स्वतः दिराच्या डोक्यावर ठेवली. आत्मारामने तोंड उघडलं होतं. सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं असतं, आणि तो फार दमला होता. वहीत त्याने लिहिलं: अळी, शून्य. ते खरं होतं.

धोंडूने गडग्यावर टोपली उतरवली आणि विडी पेटवली. वैशाखातली दुपार. गोठ्याच्या दारातल्या म्हशीच्या डोळ्यांवर माश्या होत्या, शेणावर होत्या, धोंडूच्या उघड्या पाठीवरही दोन होत्या. रसाने लडबडलेल्या एक्केचाळीस बाठ्यांवर एकही नव्हती.

आत्मारामने रस वाळून चिकट झालेली आपली बोटं उन्हात धरली आणि एखादी माशी बसण्याची बराच वेळ वाट पाहिली.