लाल पाणी कुठे गेलं?

"खडकवासल्याला जायचं रद्द," दत्तप्रसादकाका म्हणाले. "आधी फ्रिजचं दार नीट लावायला शिका. घरात फ्रिज आहे, पाणपोई नाही."

सृष्टीचा चेहरा पडला. दिवाळीच्या सुट्टीसाठी ती नागपूरहून वारज्याला मावशीकडे आली होती. आल्यापासून फ्रिजखाली पाण्याचं थारोळं साचत होतं. काका मात्र कंपनीच्या कामासाठी घेतलेल्या नव्या कॉम्प्युटरपुढून हलतच नव्हते.

"दार तर आपण लावतो," मावसभाऊ चेतन कुजबुजला.

"मग पाणी येतं कुठून ते शोधू," सृष्टी म्हणाली.

तेवढ्यात ललितामावशी फडकं घेऊन आली. पाणी पुसता पुसता सहज म्हणाली, "इथं पुसताना हाताला मुंग्या येतात बाई. वय झालं आता."

पाण्यात वीज उतरतेय, हे सृष्टीच्या लक्षात आलं. "मावशी, मागे हो! चेतन, मेन स्विच!"

चेतनने धावत जाऊन मेन पाडला. आत कॉम्प्युटर बंद पडला आणि काका ताडताड बाहेर आले.

"सकाळपासूनचं काम गेलं माझं. कोणाचा हा उद्योग?"

"माझा," सृष्टी पुढे होऊन म्हणाली. "थोडा वेळ द्या काका. मग हवं तेवढं रागवा."

फ्रिजच्या आत, मागच्या भिंतीत एक बारीक भोक होतं. वितळलेल्या बर्फाचं पाणी तिथून नळीने मागच्या ट्रेमध्ये उतरतं, हे विज्ञानाच्या बाईंनी शिकवलं होतं. सृष्टीने बीट उकडलेलं लाल पाणी त्यात ओतलं. चेतन टॉर्च घेऊन मागे डोकावला.

"ट्रे कोरडा आहे. नळी निघालीये. पाणी फरशीवर पडतंय आणि... बाबा, हे बघा!"

काकांनी वाकून पाहिलं. लाल ओघळ सरळ एक्स्टेन्शन बोर्डाखाली शिरला होता. कॉम्प्युटरसाठी तो बोर्ड त्यांनीच तिथे जमिनीवर टाकला होता. त्यासाठी फ्रिज ओढला, तेव्हाच नळी निसटली असणार.

काकांनी मावशीकडे पाहिलं. ओलं फडकं अजून तिच्या हातातच होतं.

"मी रोज अनवाणी पुसत होते," ती म्हणाली.

काकांनी तिच्या हातातून फडकं काढून घेतलं.

संध्याकाळपर्यंत वायरमनने बोर्ड भिंतीवर उंच बसवला, नळी जागेवर लावली. तो गेल्यावर काका मुलांसमोर येऊन उभे राहिले.

"तुम्हाला उगाच बोललो. चुकलं माझं," ते हळूच म्हणाले. "आज तुम्ही होतात म्हणून ही वाचली."

मावशीने सृष्टीला जवळ ओढलं. "शहाणी गं माझी पोर," ती म्हणाली.